नवी क्लच प्लेट बसवल्यावर पेडल कसं सेट करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट नवीन बसवला. तेव्हापासून पेडल जवळजवळ अर्धं खाली जाईपर्यंत पायाला काही लागतच नाही. पेडल जमिनीवरून जेमतेम सुटलं की गाडी उचलते आणि रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, ‘चालवत राहा, आपोआप सेट होईल.’ मित्र म्हणतो, ‘केबल ताणून क्लच वर घे.’ यातलं कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही ऐकू नका. मेकॅनिकचं ऐकलंत तर गिअरबॉक्सचे सिंक्रोनायझर (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजतील, मित्राचं ऐकलंत तर नवी प्लेट आणि नवं बेअरिंग. क्लच कुठे ‘धरतो’ यावरून पेडल सेट करायचंच नसतं. सेट करायचा असतो तो फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी चाल. त्यानंतर तपासायचं असतं की पेडल पूर्ण दाबल्यावर क्लच खरोखर सुटतोय की नाही. ही दोन कामं नीट झाली की क्लच जिथे धरायचा तिथेच धरतो. मग तो तुमच्या सवयीपेक्षा थोडा खाली धरत असेल तर पायाला सवय लावून घ्यायची. लोक नेमकं उलटं करतात. सवयीच्या जागी क्लच धरेपर्यंत नट फिरवत बसतात, आणि फ्री प्ले शून्यावर आला हे कोणी पाहत नाही.

आधी हे का झालं ते समजून घ्या, म्हणजे नट कुठल्या बाजूला फिरवायचा याचा गोंधळ होणार नाही. क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारं जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. प्रेशर प्लेटच्या मागे डायफ्रॅम स्प्रिंग असते आणि तिची बोटं मध्यभागी वळलेली असतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग या बोटांना फ्लायव्हीलकडे ढकलतं, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. प्लेट झिजून पातळ होत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते. स्प्रिंग मधल्या कड्यावर टेकून झुलत असल्यामुळे तिची आतली बोटं उलट दिशेला, म्हणजे गिअरबॉक्सकडे, रिलीज बेअरिंगच्या जवळ येतात. त्यामुळे जुन्या क्लचचा फ्री प्ले हळूहळू कमी होत जातो. दर सर्व्हिसिंगला कोणीतरी केबल थोडी सैल करून तो पुन्हा जागेवर आणत असतं. अशी बरीच वर्षं सैल करत आणलेली केबल बहुधा तुमच्या गाडीत आहे, आणि आता पूर्ण जाडीची नवी प्लेट बसली. बोटं परत फ्लायव्हीलकडे गेली, बेअरिंगपासून लांब. साहजिकच केबलमध्ये भरपूर ढिलाई आली. पेडलची अर्धी चाल ही ढिलाई खाण्यातच जाते आणि उरलेल्या चालीत क्लच पूर्ण सुटत नाही. म्हणून रिव्हर्सला कर्रकर्र.

आपोआप सेट होईल हे म्हणणं एका अर्थी खरं आहे, कारण प्लेट झिजली की ही ढिलाई कमी होईलच. पण त्याला हजारो किलोमीटर लागतील, आणि तोपर्यंत प्रत्येक गिअर अर्धवट सुटलेल्या क्लचवर पडत राहील. नव्या प्लेटचा पृष्ठभाग सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये बसतो, तेवढ्याने पकड सुधारते. पेडलची चाल सुधारत नाही.

आता बॉनेट उघडा आणि तुमची गाडी कुठल्या प्रकारची आहे ते बघा. गिअरबॉक्सच्या वर किंवा बाजूला क्लचचा लिव्हर बाहेर आलेला दिसतो. त्याला जाड काळ्या नळीतून आलेली वायर जोडलेली असेल तर केबल क्लच. तिथे छोटा सिलेंडर आणि त्यातून लिव्हरला टेकलेली सळई असेल तर हायड्रॉलिक. लिव्हरच दिसत नसेल आणि एक पाइप थेट गिअरबॉक्सच्या पोटात जात असेल, तर सिलेंडर आत बेअरिंगसोबतच आहे. हाही हायड्रॉलिकच. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून केबल वाटते, पण बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

आणखी एक गोष्ट आधी बघा, कारण तिच्यापायी माणसं उगाच गाडी उघडतात. पेडलखालची मॅट काढून टाका. जाड किंवा दुहेरी मॅट पेडलची शेवटची चाल खाऊन टाकते. नेमकी तीच चाल क्लच पूर्ण सुटायला लागते. मॅट काढल्यावर रिव्हर्स शांतपणे पडला तर अर्धं काम तिथेच झालं.

केबल क्लचचं काम इंजिन बंद आणि थंड असताना, सपाट जागेवर, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना अडण लावून करा. आधी मोजायचं. ड्रायव्हरच्या दाराजवळ खाली बसा आणि एक पट्टी पेडलच्या बाजूला जमिनीवर उभी धरा. आता पेडल पायाने न दाबता दोन बोटांनी दाबा. पायाला हा फरक कळत नाही, बोटांना लगेच कळतो. आधी फक्त पेडलच्या परतीच्या स्प्रिंगचा हलका विरोध जाणवतो, पेडल मऊ जातं, आणि एका क्षणी बोटांना भिंत लागल्यासारखं होतं. तिथे बेअरिंग डायफ्रॅमच्या बोटांना टेकलेलं असतं. मोकळ्या जागेपासून त्या भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे फ्री प्ले. बहुतेक केबल गाड्यांमध्ये तो 10 ते 30 मिमीच्या दरम्यान सांगितलेला असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरायचा. तुमच्याकडे सध्या बहुधा याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भरेल.

आता गिअरबॉक्सकडे या. लिव्हरच्या टोकातून केबलचा आटे असलेला दांडा बाहेर आलेला असतो. त्यावर एक अॅडजस्टिंग नट आणि त्याला घट्ट धरणारा लॉक नट असतो. काही गाड्यांत लॉक नट नसतो, तिथे प्लास्टिकच्या कडेने आपोआप अडकणारा एकच नट असतो. आट्यांकडे नीट बघा. नट जिथे वर्षानुवर्षं होता तिथला भाग आणि बाहेर उघडा राहिलेला भाग यांचा रंग वेगळा असतो. उघडा भाग धुळीने आणि तेलाने काळा झालेला, झाकलेला भाग चकचकीत. नट टोकाकडे आलेला दिसला, तर वर सांगितल्याप्रमाणे केबल सैल होत होत इथवर आली हे समोरच दिसतं. वायर ब्रशने आटे साफ करा, थोडं तेल सोडा आणि मगच पाना लावा. गंजलेल्या आट्यांवर जोर केला तर दांडा पिळतो आणि आतली वायर तुटायला सुरुवात होते. दांडा फिरू नये म्हणून त्याच्या चपट्या भागाला पक्कड लावून धरायची आणि नट फिरवायचा.

नट लिव्हरकडे आत फिरवला की फ्री प्ले कमी होतो, टोकाकडे बाहेर घेतला की वाढतो. दोन-तीन फेऱ्या आत घ्या. मग गाडीत बसून पेडल आठ-दहा वेळा पूर्ण दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. पेडल न मारता मोजलेला आकडा धरू नका. केबलची बाहेरची नळी आणि तिचे रबर टेकू दाबल्यावर थोडे बसतात आणि माप बदलतं. लिव्हर आणि पेडल यांच्या चालीत साधारण पाच-सहा पट फरक असतो, म्हणून लिव्हरपाशी केलेला 1 मिमीचा बदल पेडलपाशी 5-6 मिमी दिसतो. शेवटी शेवटी अर्धी फेरी फिरवून मोजत जा. लिव्हर हाताने हलवून बघितलात तर तिथे सुमारे 2 ते 4 मिमीची ढिलाई लागायला हवी. लिव्हर अजिबात हलत नसेल, तर केबल जास्त ताणली गेली आहे.

इथेच मित्राचा सल्ला आड येतो. क्लच वर घ्यायचा म्हणून नट आणखी आत घेतला तर ढिलाई शून्यावर येते, आणि पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग डायफ्रॅमच्या बोटांना दाबून धरतं. बेअरिंग सतत फिरत राहतं, तापतं, त्याचं ग्रीस वितळतं. दुसरीकडे स्प्रिंगचा दाब पूर्ण लागत नाही, म्हणून चढावर प्लेट घसरते, जळका वास येतो, आणि नव्या प्लेटचं अस्तर काही दिवसांत चमकदार कडक होऊन बसतं. एकदा चमकलेली प्लेट पुन्हा अॅडजस्ट करून नीट होत नाही. फ्री प्ले थोडा जास्त असला तर गाडी कुरकुर करून तुम्हाला सांगते. अजिबात नसला तर सुरुवातीला काही सांगत नाही, आणि प्लेट आतल्या आत जळत राहते. म्हणून मापाच्या पट्ट्यात थोडं ढिलाईच्या बाजूला राहिलेलं बरं.

काही गाड्यांमध्ये मात्र बेअरिंग मुद्दामच बोटांना हलकं टेकलेलं ठेवतात आणि पेडलपाशी दातेरी चक्राने केबल स्वतःच ताण धरते. अशा गाडीत नटच नसतो. तिथे नवा क्लच बसवल्यावर ते चक्र मूळ जागेवर आणावं लागतं. ते करायचं राहिलं तर जुन्या झिजलेल्या प्लेटच्या हिशोबाने चक्र अडकून राहतं आणि तुमच्यासारखीच लक्षणं दिसतात. बऱ्याच रचनांमध्ये पेडल हाताने वर उचलून खाली सोडलं की चक्र सुटतं, पण पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते. मॅन्युअल बघूनच हात लावा.

गाडी हायड्रॉलिक निघाली तर वाट वेगळी. तिथे प्लेटच्या झिजेप्रमाणे स्लेव्ह सिलेंडरचा, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या सिलेंडरचा, पिस्टन स्वतःच जागा बदलतो, म्हणून नवी प्लेट बसवल्यावर सहसा काही अॅडजस्ट करावं लागत नाही. पेडल खाली जातं आणि गिअर कर्रकरतो, याचं पहिलं कारण लाइनमध्ये राहिलेली हवा. पेडल स्पंजसारखं लागतं आणि भराभर चार-पाच वेळा मारल्यावर क्लच वर येतो, ही तिची खूण. स्लेव्ह सिलेंडर गिअरबॉक्ससोबत काढला-बसवला गेला असेल तर एअर काढणं भागच आहे. ब्लीडरला (हवा बाहेर सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्क्रू उघडून बंद करायचा, आणि बंद केल्यावरच पेडल वर सोडायचं. एअर असताना पेडल स्वतः वर येत नाही, ते हाताने उचलावं लागतं. टाकीतलं तेल प्रत्येक वेळी बघा. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते आणि तेल तळाला गेलं तर हवा पुन्हा आत जाते. झाकणावर जो ग्रेड लिहिला आहे तोच वापरा, आणि सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, कारण ते रंग खातं.

हायड्रॉलिकमध्ये हात लावण्यासारखी एकच जागा असते, पेडलपासून मास्टर सिलेंडरमध्ये (पेडलकडच्या सिलेंडरमध्ये) जाणारी सळई, म्हणजे पुशरॉड. तिला थोडी ढिलाई असायलाच हवी. पेडलपाशी ती साधारण 1 ते 5 मिमी जाणवते, आणि पेडलचा एकूण फ्री प्ले बऱ्याच गाड्यांत 5 ते 15 मिमी असतो. पुशरॉड लांब करून ही ढिलाई संपवली, तर मास्टर सिलेंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे उघडणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. तेल तापून फुगलं की त्याला परत जायला वाट नसते. दाब लाइनमध्ये अडकतो आणि क्लच स्वतःच अर्धा दाबला जातो. गाडी सकाळी छान चालते आणि तासाभराने घसरायला लागते, या तक्रारीच्या मुळाशी कित्येकदा ही पुशरॉड असते. पेडलची उंची बदलायची असेल तर ती आधी, स्टॉपर बोल्टने किंवा क्लच स्विचच्या जागेवरून, आणि पुशरॉड नंतर. क्रम उलटा केला तर एक सेट करताना दुसरं बिघडतं. स्विचची जागा हलली असेल तर इंजिन क्लच दाबल्यावरच सुरू होतं का, तेही बघून घ्या.

केबल असो की हायड्रॉलिक, माप जुळलं म्हणजे काम संपलं असं नाही. क्लच पूर्ण सुटतो का, हे बघायची माझी आवडती पद्धत इंजिन बंद ठेवूनच करायची आहे. इंजिनाचा जोर ज्यांना मिळतो त्या चाकांपैकी एकच चाक जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, दुसरं जमिनीवरच राहू द्या. बाकी चाकांना अडण लावा. गाडी टॉप गिअरमध्ये टाका. दोन्ही चाकं उचलू नका. एक फिरवलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरमुळे) दुसरं उलटं फिरतं, क्लच सुटलेला नसला तरीही, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मागची चाकं गाडी ओढत असतील तर या चाचणीपुरता हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून तिथे अडण दुप्पट काळजीने लावा.

आता एकाने उचललेल्या चाकावर फिरवण्याचा जोर ठेवायचा आणि दुसऱ्याने पेडल अगदी सावकाश दाबत न्यायचं. चाक इंजिनाला अडकलेलं असतं, घट्ट. एका ठिकाणी ते हातात मोकळं होतं. पेडल तिथेच थांबवा आणि ते पूर्ण दाबल्यावर जिथे थांबतं तिथपर्यंतचं अंतर मोजा. ते 25 मिमी किंवा जास्त असेल तर क्लच निवांत सुटतोय. 10 मिमीवर आलं असेल तर आज गिअर पडतील, पण गरम गाडीत रहदारीत अडकलात की कर्रकर्र परत येईल.

त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये आणून स्टँडवरून उतरवा. मग इंजिन सुरू करून, समोर आणि मागे मोकळी जागा ठेवून, आयडलवर गरम होऊ द्या. पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे क्लच किंचित जरी ओढत असला तरी तो लपत नाही. न थांबता टाकला तर चांगल्या क्लचवरही आवाज येतो, कारण प्लेट आणि इनपुट शाफ्ट (प्लेटमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) थांबायला क्षणभर लागतो. त्यावरून घाबरून नट फिरवू नका.

घसरण तपासायला हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का बघायची पद्धत लोकप्रिय आहे. नव्या प्लेटवर ती करू नका. अजून न बसलेल्या अस्तराला ती एका झटक्यात तापवते. त्यापेक्षा मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून अॅक्सिलरेटर भरपूर दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग मागे राहिला, तर प्लेट घसरते आहे. मग सगळ्यात आधी फ्री प्ले पुन्हा मोजा. पहिले 500 ते 1000 किलोमीटर चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, जोरात सुटू नका, ओझं ओढू नका. तेवढं अंतर झालं की फ्री प्ले परत एकदा मोजा, विशेषतः केबलही नवी असेल तर.

समजा, फ्री प्ले मापात आहे, हवा नाही, मॅट नाही, तरीही चाक हाताने मोकळं होत नाही. तर मग नट फिरवत बसण्यात अर्थ नाही. आधी केबलची नळी फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी, बघा. कोणाला तरी पेडल दाबायला सांगा. तिथला पत्रा किंवा टेकू पेडलसोबत हलत असेल तर तुमची चाल तिथे जाते आहे. पेडलच्या बुशात आणि बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या टेकूत झीज असेल तरी तेच होतं. या बाहेरच्या गोष्टी स्वच्छ निघाल्या तर दोष आत आहे, आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल. प्लेट उलटी बसलेली असू शकते. तिच्यावर फ्लायव्हीलची बाजू कुठली ते बहुधा लिहिलेलं असतं आणि घाईत ते वाचायचं राहतं. गिअरबॉक्स बसवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवरून प्लेटच्या मधल्या भागावर लटकलं असेल तर प्लेट वाकते, आणि वाकलेली प्लेट पेडल कितीही दाबलं तरी कुठेतरी घासतच राहते. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांबट दात्यांवर) गंज असेल तर प्लेट शाफ्टवर सरकत नाही, आणि ग्रीस जास्त लावलं असेल तर ते उडून अस्तरावर जातं. मेकॅनिककडे जाताना ‘क्लच नीट नाही’ एवढंच सांगू नका. फ्री प्ले किती मिमी आहे आणि चाक पेडलच्या कुठल्या जागी मोकळं होतं किंवा होतच नाही, हे दोन आकडे कागदावर लिहून न्या. ते समोर असले की ‘चालवा, सेट होईल’ म्हणायला जागा उरत नाही, आणि गिअरबॉक्स उतरवायचा की नाही हे तिथल्या तिथे ठरतं.